आमदार सभागृहात बोलले, मग पुढं काय होतं?

जुलैचा दुसरा-तिसरा आठवडा आला की बेळगावात वडगावहून येळ्ळूरकडं जाताना रस्त्याच्या बाजूला शेत दिसत नाही, पाणी दिसतं. बळ्ळारी नाला गाळानं आणि जलपर्णीनं भरलेला असतो. पाऊस वाढला की पाणी पुढं जायचं सोडून मागं सरतं आणि शहापूर, वडगाव, अनगोळच्या शिवारातलं भात चार-आठ दिवस बुडून राहतं. रोप कुजलं की दुबार पेरणी, पुन्हा बियाणं, पुन्हा मजुरी. बेळगाव बासमतीच्या लोंब्यांचा वास दिवाळीच्या आधी ज्या बांधांवर येतो, तेच हे बांध.

अशाच एका पावसाळ्यात मी तात्यांना सांगितलं की एका आमदारांनी हा विषय सभागृहात मांडलाय, शेतजमीन वाचली पाहिजे असं ठासून बोललेत. तात्यांनी चिखलातला पाय काढला आणि विचारलं, "बोलल्यात न्हवं? बरं झालं. पन बोलल्यावर पुढं काय हुतंय, ते सांग बघू."

मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. नंतर कायदे वाचले, जुने निकाल आणि अहवाल बघितले, आणि एक गोष्ट पटली. भाषणाचा व्हिडिओ मोबाईलवर फिरतो, पण जमीन राहते की जाते हे बहुतेक वेळा वेगळ्याच खोल्यांत ठरतं. त्यातल्या कित्येक खोल्यांत आमदाराला बसायचा हक्क आहे, काही ठिकाणी तर तो मधल्या, अध्यक्षाच्या खुर्चीत बसतो. आपण मतदार मात्र त्या खोल्यांची नावंही विचारत नाही. म्हणून हे सगळं तात्यांना सांगावं तसं लिहून काढतोय.

एका शिवाराचे अनेक धनी

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत कामांच्या तीन याद्या आहेत. एक केंद्राची, एक राज्याची आणि एक दोघांची मिळून. जमीन हा विषय राज्याच्या यादीत १८व्या क्रमांकावर आहे. पाणी त्याच यादीत १७व्या क्रमांकावर, फक्त दोन राज्यांतून वाहणारी नदी असेल तर केंद्राला हात घालता येतो. जंगल पूर्वी राज्याकडं होतं, १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीनं ते दोघांच्या यादीत गेलं. त्याच दुरुस्तीनं घटनेत ४८अ कलम आलं, ज्यात पर्यावरण आणि वनं राखणं हे सरकारचं काम म्हणून लिहिलं आहे. राष्ट्रीय महामार्ग मात्र सरळ केंद्राच्या यादीत.

हे कोरडं वाटेल, पण आपल्या शिवारात आणून बघा. नाल्याचा गाळ हा राज्याचा विषय. शेजारच्या शेतात प्लॉट पाडून लेआऊट झाला, तर तोही राज्याचा. शिवारातून बायपास जायचा असेल तर केंद्राचा. आणि पश्चिमेला खानापूरच्या जंगलातून कालवा काढायचा झाला तर राज्य, केंद्र आणि शेजारचं गोवा, असे तिघेही. म्हणून "आमदारांनी काहीच केलं नाही" किंवा "आमदारांनी सगळं थांबवलं", ही दोन्ही वाक्यं बहुतेक वेळा अर्धीच खरी असतात. कुठल्या कामात त्याचा शब्द जड आहे आणि कुठं हलका, हे कळलं तर आपल्याला मागता तरी नीट येईल. त्याचा शब्द सगळ्यात जड कुठं असतो? जमिनीच्या वापरात.

शेताचा प्लॉट होतो कसा

आमच्याकडं म्हणतात, "जागा एनए झाली." एनए म्हणजे बिगरशेती. कर्नाटक भूमहसूल कायदा १९६४ सालचा, त्याचं कलम ९५ सांगतं की शेतजमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. बहुतेकांना एवढंच ठाऊक असतं. त्यामुळं शेजारच्या शेतात मुरूम पडायला लागला की लोक जिल्हाधिकारी कचेरीत जातात आणि तिथं त्यांना कळतं की खरा निर्णय कित्येक वर्षांपूर्वी, दुसऱ्याच कागदावर होऊन गेलाय.

तो कागद म्हणजे मास्टर प्लॅन. कर्नाटक नगर व ग्रामनियोजन कायदा १९६१चा. शहर आणि भोवतालची गावं मिळून एक नियोजन क्षेत्र ठरतं आणि त्याचा नकाशा रंगवला जातो. सहसा राहण्यासाठी पिवळा, शेतीसाठी हिरवा. बेळगावात हे काम बुडाचं, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचं. तुमचा सर्व्हे नंबर एकदा पिवळ्यात गेला की पुढची एनए परवानगी जवळजवळ ठरल्यासारखीच. हिरव्यात राहिला तर बिल्डरला आधी नकाशातला वापर बदलून घ्यावा लागतो, त्याची जाहिरात द्यावी लागते, हरकती ऐकाव्या लागतात.

आता आमदाराची जागा बघा. नगरविकास प्राधिकरणांचा कायदा १९८७चा आहे आणि त्याप्रमाणं त्या शहरी भागातले आमदार प्राधिकरणाचे सदस्य असतात. म्हणजे नकाशावर रंग भरला जातो त्या टेबलापाशी त्यांची खुर्ची आहे. विधानसभेत २२४ जणांत ते एक असतात, इथं मोजक्या माणसांत एक. शेतजमीन वाचवण्याची तळमळ असलेल्या आमदाराला मी पहिला प्रश्न हाच विचारेन की बुडाच्या किती बैठकांना तुम्ही गेलात, आणि कुठल्या ठरावाला तुमचा विरोध इतिवृत्तात लिहून घेतलात. तोंडी विरोधाला कागदावर काही किंमत नसते.

मास्टर प्लॅनचा मसुदा तयार झाला की तो प्रसिद्ध करून लोकांचं म्हणणं मागवावं लागतं, त्याला ६० दिवस असतात. दर १० वर्षांनी तो नव्यानं तपासायचा, असंही कायद्यात आहे. म्हणजे १० वर्षांतून एकदा ६० दिवसांची खिडकी उघडते, आणि तेवढ्या काळात सर्व्हे नंबर घालून लेखी हरकत द्यायची असते.

इथं आपल्या भागाची वेगळी अडचण आहे आणि ती मला फार लागते. नोटीस निघते कन्नडमध्ये, तांत्रिक अहवाल असतो इंग्रजीत. शिवारात राबणारी आमची पिढी मराठी वाचते. कन्नड बोलता येतं, बाजारात आणि बसमध्ये कुणाचं अडत नाही, पण 'भूवापर बदल' असल्या मजकुराचं कन्नड कळायला वेगळा अभ्यास लागतो. खिडकीच्या ६० दिवसांतले ४० दिवस कागद कुणाकडून तरी समजून घेण्यात जातात. केंद्रानं २०२०मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या नव्या नियमांचा मसुदा काढला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयानं तो २२ भाषांत आणायला सांगितलं होतं. ज्याच्यावर परिणाम होणार त्याला कळेल अशा भाषेत कागद गेला नाही तर हरकत मागवण्याला अर्थ राहत नाही, हेच त्यामागचं कारण. आमदारानं कुठलाही मोठा लढा न करता करण्याजोगं काम म्हणजे मसुदा निघाल्याबरोबर त्याचा चार पानी मराठी सारांश आणि गावागावांचे सर्व्हे नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावून घेणं.

२०२०मध्ये आणखी एक बदल झाला. कर्नाटक भूसुधारणा कायद्यातली ७९अ, ७९ब आणि ७९क ही कलमं काढून टाकली गेली. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायला तोवर मनाई होती, उत्पन्नाचीही मर्यादा होती. ती दोन्ही गेली. ज्या कायद्यात मुख्यमंत्री देवराज अर्स यांच्या काळात, १ मार्च १९७४पासून, कसणाऱ्या कुळाला मालक करणारी दुरुस्ती लागू झाली, त्याच कायद्यातला हा बदल. जमीन विकणाऱ्या शेतकऱ्याला त्यामुळं चांगला भाव मिळतो, हे मी नाकारत नाही. मुलीचं लग्न किंवा दवाखाना समोर असताना त्याला "विकू नको" म्हणायचा अधिकार मला नाही. पण शहराला चिकटून असलेल्या शिवारात खरेदीदार वाढले की मास्टर प्लॅनवरचा ताण वाढतो, आणि मग तो हिरवा रंग राखायला बुडाच्या टेबलावर कुणीतरी खंबीर माणूस लागतो.

भाताचं शेत पाणी किती धरतं

शेत वाचवा म्हटलं की काही जण म्हणतात, शहर वाढायला नको का? वाढायला हवं. पण कुठं वाढावं याचा हिशोब हवा, आणि तो अगदी साधा आहे.

एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. भाताच्या खाचरात बांधाआड चार इंच पाणी उभं राहिलं तर ते होतं साधारण चार लाख लिटर. एका एकरात! शंभर एकरांत चार कोटी लिटर. हे पाणी बांध धरून ठेवतो, हळूहळू जमिनीत मुरवतो, उरलेलं सावकाश नाल्यात सोडतो. खालच्या विहिरींना फेब्रुवारी-मार्चपर्यंत पाणी असतं ते यामुळं. आता त्या शंभर एकरांत भराव टाकून लेआऊट केला, रस्ते काँक्रीटचे केले, तर तेच पाणी तासाभरात नाल्यावर येतं. नाला तेवढाच, किंवा अतिक्रमणानं आणखी अरुंद झालेला. मग ते मागं सरतं आणि ज्याचं शेत अजून शेतच आहे त्याच्या भातावर चढतं. शेजाऱ्यानं जमीन विकली आणि नुकसान तात्यांचं झालं, याचा हिशोब कुठल्याच परवानगीत धरला जात नाही.

म्हणून नाल्याचा गाळ काढायला निधी आणणं हे काम चांगलं असलं तरी अर्धंच आहे. वरचं शिवार भरावाखाली जात राहिलं तर दरवर्षी गाळ काढूनही पाणी चढणारच. नाला आणि नकाशा हे दोन विषय एकत्र बोलणारा आमदार मिळाला तर त्याला जपावं.

बायपासच्या बाबतीत हात कुठं बांधलेले आहेत

हलगा-मच्छे बायपासचं नाव काढल्याशिवाय बेळगावात शेतजमिनीवर बोलणं पुरं होत नाही. पिकाऊ, वर्षात दोन-तीन पिकं देणाऱ्या पट्ट्यातून जाणारा रस्ता, आणि त्याविरुद्ध वर्षानुवर्षं रस्त्यावर आणि कोर्टात उभे असलेले शेतकरी. लोक विचारतात, सुपीक जमीन घेता येत नाही असा कायदा आहे ना? आहे. २०१३च्या भूसंपादन कायद्याचं कलम १० सांगतं की ओलिताखालची बहुपिकी जमीन अगदी नाइलाज असेल तरच घ्यावी, आणि घेतलीच तर तेवढी पडीक जमीन शेतीयोग्य करून द्यावी. पण त्याच कलमाच्या शेवटी एक सूट आहे. रेल्वे, महामार्ग, कालवे, विजेच्या तारा अशा लांबट, रेषेसारख्या प्रकल्पांना हे कलम लागू नाही. बेळगावच्या शेतकऱ्याला ज्या कलमाचा आधार वाटतो, त्याचं दार नेमकं महामार्गापाशी बंद होतं. शिवाय महामार्गाची जमीन घेतली जाते ती १९५६च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यानं. तिथं अधिसूचना निघाल्यापासून हरकतीला २१ दिवस मिळतात.

इथं आमदाराचा शब्द हलका आहे, हे मान्य करूनच पुढं बोलावं. तो महामार्ग रद्द करू शकत नाही. पण संपादनाचं प्रत्यक्ष काम करणारे महसूल अधिकारी बहुधा राज्याचेच असतात. हरकती खरोखर ऐकल्या गेल्या का, एकेकाला लेखी उत्तर मिळालं का, हे तो विचारू शकतो. केंद्राला शिफारस करणारा ठराव सभागृहात मांडू शकतो. आणि रस्ता होणारच असं दिसत असेल तर एक बारीक मागणी रेटू शकतो, जी पुढची पन्नास वर्षं कामाला येईल, ती मोऱ्यांची. भराव टाकून उंच केलेला रस्ता शिवारात धरणासारखा आडवा पडतो. खाली पुरेशा मोऱ्या हव्यात आणि मोरीचा तळ नाल्याच्या तळाशी जुळायला हवा. तो फूटभर वर राहिला तर तेवढं पाणी शेतातच साठतं. हे बोलायला टाळ्या मिळत नाहीत, पण भाताचं रोप याच्यावर जगतं.

गायरान आणि बगरहुकूम

या खोलीबद्दल फार कमी बोललं जातं, आणि आमदाराची सत्ता सगळ्यात जास्त इथंच आहे.

सरकारी जमिनीवर परवानगीशिवाय वर्षानुवर्षं शेती करणाऱ्याला कर्नाटकात बगरहुकूम शेतकरी म्हणतात. बगर हुकूम म्हणजे हुकमाशिवाय. भूमहसूल कायद्याच्या ९४अ कलमाप्रमाणं अशी कसवणूक नियमित करून द्यायला तालुक्यात समिती असते आणि तिचा अध्यक्ष सहसा त्या भागाचा आमदार असतो. लोकांनी ठरावीक नमुन्यात अर्ज केलेले असतात. नमुना ५०, ५३, ५७ हे आकडे आमच्या खेड्यात पोरांनाही पाठ आहेत.

यात दोन बाजू आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. पिढ्यान्‌पिढ्या दीड-दोन एकर खडक फोडून नाचणी पिकवणाऱ्या भूमिहीन माणसाला पट्टा मिळायलाच हवा. पण त्याच यादीत कधी कधी ज्याच्याकडं आधीच वीस एकर आहे त्याचं नाव असतं, कधी ओढ्याकाठची जागा असते, कधी गावचं गायरान. गुरांच्या चराईला १०० गुरांमागं १२ हेक्टर, म्हणजे ३० एकर जमीन राखायची असा महसूल नियम आहे. गायरान वाटून टाकलं की गुरं जंगलात शिरतात, जंगलाच्या कडेचा पाला संपतो, मग बिबट्या गावात आला म्हणून ओरड होते. समितीच्या टेबलावरच्या एका सहीचा धागा असा लांबवर जातो.

अध्यक्षाला इथं खरी परीक्षा द्यावी लागते, कारण समोर अर्जदार मतदार असतो आणि गायरानाला मत नसतं. अर्जांची यादी सर्व्हे नंबरासह ग्रामसभेत वाचून दाखवणारा, गायरान आणि नाल्याची हद्द आधी मोजून घेणारा आणि मग खऱ्या भूमिहीनाचा पट्टा स्वतः जाऊन देणारा आमदार माझ्या दृष्टीनं विधानसभेत तासभर बोलणाऱ्यापेक्षा मोठा पर्यावरणवादी.

खानापूरचं जंगल आणि अथणीची तहान

आपल्या जिल्ह्यात पश्चिमेला कणकुंबी, आमगाव, जांबोटीकडं छत्री उलटी करणारा पाऊस. पूर्वेला अथणी, रायबागकडं पावसाची वाट बघत बसायचं. मलप्रभा कणकुंबीच्या माउली मंदिरापाशी उगम पावते, म्हादई खानापूरच्याच डोंगरात देगावजवळ. भीमगड अभयारण्य २०११मध्ये जाहीर झालं, १९० चौरस किलोमीटरचं. तिथल्या बारापेडे गुहांत राहणारं रॉटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ जगात फारच थोड्या ठिकाणी सापडतं. वटवाघळासाठी एवढं कशाला, असं कुणी विचारतं. गुहा, झाडी आणि झरा हे तिथं एकच घर आहे. त्याच घरातून खाली हुबळी-धारवाडपर्यंतच्या नळाला पाणी जातं.

म्हादईच्या पाणीवाटप लवादानं ऑगस्ट २०१८मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) पाणी दिलं. त्यातलं ८.०२ टीएमसी वीजनिर्मितीसाठी. कळसा आणि भांडुरा नाल्यांतून मलप्रभेत वळवायचं पाणी आहे ३.९ टीएमसी. केंद्रानं तो निवाडा फेब्रुवारी २०२०मध्ये राजपत्रात प्रसिद्ध केला. तरी काम कागदावर अडतं ते वनजमीन आणि वन्यजीव यांच्या परवानग्यांपाशी, कारण १९८०च्या वनसंवर्धन कायद्याखाली जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर केंद्राची संमती लागते.

आता यात आमदारानं कुठं उभं राहायचं? खानापूरचा आमदार म्हणेल, माझं जंगल, माझा उगम. खालच्या मलप्रभा खोऱ्यातला आमदार म्हणेल, माझं धरण पुष्कळ वर्षी भरत नाही, माणसं प्यायची काय? दोघेही आपापल्या लोकांशी प्रामाणिक आहेत. मला वाटतं, इथं पहिली मागणी हिशोबाची असावी. शहरांत नळातून गळून वाया जाणारं पाणी किती, तलावांतला गाळ काढला तर साठा किती वाढतो, उसाचं ओलित ठिबकवर नेलं तर किती वाचतं, हे आकडे सभागृहाच्या पटलावर आले की मगच ३.९ टीएमसीसाठी किती झाडं द्यायची यावर शहाणपणानं बोलता येईल.

पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचंही असंच. माधव गाडगीळ यांच्या समितीचा अहवाल २०११चा, कस्तुरीरंगन यांच्या गटाचा २०१३चा. केंद्राच्या मसुद्यात सहा राज्यांतलं ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, त्यातलं २०,६६८ कर्नाटकातलं. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ला आला आणि सप्टेंबरात कर्नाटकाच्या मंत्रिमंडळानं तो नाकारला. खानापूरच्या वाड्यांवर मी ऐकलंय की हे लागू झालं तर घराला कौल घालता येणार नाही, नाचणी पेरता येणार नाही. मसुद्यात तसं नाही. बंदी आहे ती नव्या खाणी, दगड आणि वाळू उपसा, औष्णिक वीजकेंद्र, लाल गटातले प्रदूषणकारी कारखाने, २० हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठी बांधकामं आणि मोठ्या वसाहती यांवर. राहत्या घराची डागडुजी आणि वाढ करायला, जमीन खरेदी-विक्री करायला त्यात मनाई नाही. कुणाला हा मसुदा तरीही नको असेल तर तो त्याचा हक्क. जंगलखाते आधीच रस्ता आणि वीज अडवतं म्हणून वाडीवरचा माणूस घाबरलेला असतो, ती भीती मी खोटी म्हणणार नाही. पण मसुद्यात काय आहे हे वाडीवर बसून मराठीत वाचून दाखवणं हे लोकप्रतिनिधीचं काम आहे, आणि भीती वाढवून मतं घेण्याइतकं ते सोपं नाही.

सभागृहात काय होतं

बेळगावचं सुवर्ण विधानसौध हलगा-बस्तवाडच्या हद्दीत आहे, ११ ऑक्टोबर २०१२ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. हिवाळी अधिवेशन भरलं की बाहेर आंदोलनांचे मंडप पडतात, आत चर्चा होते.

आत आमदाराच्या हाती काय काय असतं? विधेयक मांडता येतं, पण एकट्या आमदाराच्या विधेयकाचा कायदा होणं फार दुर्मीळ. संसदेतसुद्धा स्वातंत्र्यापासून अशी १४च विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७०मध्ये. त्यामुळं "आमदारांनी विधेयक आणलं" या बातमीवर फार विसंबू नये. लक्षवेधी सूचना असते. तारांकित प्रश्न असतो, त्याला मंत्री उभा राहून उत्तर देतो आणि उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला छापील उत्तर येतं. मंत्र्यानं "करू" म्हटलं की ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं आणि ते पाळलं का हे बघायला सभागृहाची आश्वासन समिती असते. हे दुवे एकमेकांना जोडणारा आमदार कमी बोलूनही जास्त मिळवतो.

याच सभागृहानं काय करून दाखवलंय त्याची दोन उदाहरणं मला फार महत्त्वाची वाटतात. बेंगळुरूच्या भोवतालच्या सरकारी जमिनीवरच्या अतिक्रमणांचा तपास करायला आमदार ए. टी. रामस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमली गेली. २००७च्या सुमारास तिचे अहवाल आले. त्यात बेंगळुरू शहर जिल्ह्यातच २७ हजार एकरांच्या घरात जमीन बळकावलेली निघाली. या अहवालामुळं विषय दाबता येईना, आणि २०११मध्ये जमीन बळकावण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला, पुढं त्यासाठी विशेष न्यायालयही आलं. दुसरी समिती के. बी. कोळीवाड यांची, बेंगळुरूच्या तलावांची. २०१७मध्ये तिचा अहवाल आला आणि दहा हजार एकरांहून जास्त तलावक्षेत्र गिळलेलं कागदावर आलं. सगळी जमीन परत मिळाली असं नाही. पण कुठल्या सर्व्हे नंबरात किती, हे सभागृहाच्या पटलावर गेलं की ते पुसता येत नाही. कोर्टात जाणाऱ्याला, बातमी लिहिणाऱ्याला, पुढच्या आमदाराला तिथून सुरुवात करता येते.

बेळगाव जिल्ह्यात १८ आमदार आहेत. बेंगळुरू सोडलं तर एवढे कुठल्याच जिल्ह्यात नाहीत. ऑगस्ट २०१९च्या पुरात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा यांनी या जिल्ह्याची काय दशा केली ते आपण पाहिलं. या अठरा जणांनी पक्ष बाजूला ठेवून जिल्ह्यातल्या नाले, तलाव आणि पूरपट्ट्यांच्या मोजणीसाठी अशीच एक समिती मागितली तर सरकारला नाही म्हणणं जड जाईल.

आता पुन्हा तात्यांच्या प्रश्नाकडं. आपण आमदाराकडं जातो तेव्हा सहसा निवेदन देतो, "बळ्ळारी नाल्याची समस्या सोडवावी ही विनंती." फोटो निघतो. अशा निवेदनावरून सभागृहात प्रश्न गेला तर उत्तर येतं, "कार्यवाही सुरू आहे." म्हणून आम्ही या वेळी निवेदनाऐवजी प्रश्नच लिहून द्यायचं ठरवलं. मूळ मोजणी नकाशाप्रमाणं नाल्याची रुंदी कुठल्या सर्व्हे नंबरापाशी किती? आज किती? शेवटची मोजणी कधी झाली? दोन्ही काठांवर किती लेआऊटना परवानगी दिली आणि ती देताना पाण्याच्या वाटेचा अहवाल घेतला का? गेल्या पाच वर्षांत गाळ काढायला वर्षवार किती खर्च झाला आणि तो गाळ टाकला कुठं? नवीन मास्टर प्लॅनमध्ये नाल्याच्या दोन्ही बाजूंचं शिवार कुठल्या रंगात आहे?

कागद मराठीत लिहिला, शेजारच्या मास्तरांनी कन्नडमध्ये करून दिला. दोन्ही प्रती तात्यांना दाखवल्या. त्यांनी मराठीतली सावकाश वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "आपल्या बांधापासनं खालच्या मोरीपर्यंत नाला आधी किती रुंद हुता, ते मला ठावं हाय. चार बैलगाड्या शेजारी-शेजारी उभ्या ऱ्हायच्या. ते बी घाल त्यात."

ते मी सर्व्हे नंबराच्या खाली लिहिलं, आणि तात्यांनी त्यावर सही केली.